खालचे तीन दात

कवळ्या बनवणाऱ्याला रस्त्यातली माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत. समोरचा हसला की कळतं. हे वरचे सहा आपले. बावीस वर्षं तो एका दवाखान्यामागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरड्यांच्या संगतीत बसत आला होता. त्याच्या हातची कवळी घालून लोकांनी फोटो काढले, भाषणं ठोकली, कडक टोस्ट खाल्ले. तक्रार घेऊन परत फारसं कुणी आलं नाही.

तक्रार घरातच होती.

"टोचतंय," सासूबाई म्हणाल्या.

सकाळचे सात वाजले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्या खुर्चीत, तो समोर स्टुलावर. ओट्यावर घासायचं छोटं मशीन.

"कुठे टोचतंय, आई?"

"तोंडात."

"तोंडात कुठे?"

"कारागीर तुम्ही आहात, जावईबापू. मी नुसती तोंडाची मालकीण."

त्याने खालची कवळी हातात घेतली, उजेडात फिरवली, कडेचा केसभर भाग घासला, धुतली, परत दिली. त्यांनी ती बसवली. जबडा डावीकडे नेला, उजवीकडे नेला. तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला दोनच शब्द हवे होते. बरी झाली. बावीस वर्षांत इतकं नीट काम त्याने कुणाचं केलं नव्हतं.

"आता दुसरीकडे टोचतंय," त्या म्हणाल्या, आणि त्याचा डबा भरायला उठल्या.

असं चार महिने चाललं होतं. सासूबाई पंधरा वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला आल्या आणि राहिल्या. कवळीच्या आधीही त्या जावयाशी फार गोड नव्हत्या. पण कवळी बसल्यापासून घरात उभा दावा लागला होता. जेवताना त्या मुद्दाम कण्हायच्या. पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "घरचंच काम. बोलणार कुणाला?" तो मनातल्या मनात जळायचा. बायकोला म्हणायचा, "तुझ्या आईला माझं नाव खराब करायचंय."

"तुमचं नाव तिच्या तोंडात कधी असतं?" बायको म्हणायची. "मला चहा गाळू द्या."

पाचव्या महिन्यात त्याच्या लक्षात आलं की घासून घासून कवळी सैल झालीये. सासूबाई बोलताना ती आता टकटक वाजत होती. आणखी घासली तर गळून पडली असती. त्याला शंका आली.

त्या सकाळी त्याने मशीन सुरू केलं. कवळी मशीनजवळ नेली, पण टेकवली नाही. मशीन घुर्र घुर्र करत राहिलं. मग कवळी धुऊन त्याने पुढे केली.

सासूबाईंनी बसवली. "हं. जरा बरं आहे. पण या बाजूला—"

"मी घासलीच नाही!" तो इतक्या जोरात ओरडला की बायकोच्या हातातली गाळणी बशीवर आपटली. "बघ! बघ तुझी आई! चार महिने मला नाचवतेय!"

त्याला वाटलं होतं त्या खजील होतील. त्या खुर्चीत आणखी ताठ बसल्या.

"टोचत नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवसापासूनच टोचत नाही. काम चांगलं आहे तुमचं."

हवे होते ते शब्द मिळाले.

"मग का?"

"वाट बघत होते. टोचतंय कुठे, हे तुम्ही मला शंभर वेळा विचारलंत. दात काढायचे का, हे एकदा तरी विचारलंत?"

त्याला आठवायला वेळ लागला. दवाखान्यातली खुर्ची. हलणारे दात काढून झाले होते. खाली तीन घट्ट उरले होते. डॉक्टरांनी हातमोजे न काढताच त्याला विचारलं होतं, "हे ठेवायचे तर अर्धी कवळी करावी लागेल. काय करू?" आणि तो म्हणाला होता, "काढून टाका. पूर्णच बनवतो. एक नंबर बनवतो." अर्धी कवळी म्हणजे तारा, जोडकाम, ठिगळं. पूर्ण कवळी म्हणजे त्याची कला.

"माझं तोंड उघडं होतं," सासूबाई म्हणाल्या. "आत डॉक्टरांचा हात. बोलता येत नव्हतं. कान चालू होते."

चहा पातेल्यात निवत होता.

"आणि त्यावर तुम्हाला शाबासकी हवी. पंधरा वर्षं तुमचा डबा भरतेय. कधी एका शब्दाने म्हणालात, आज चांगला होता?"

"रिकामा आणतो की," तो पुटपुटला.

"रिकामा तर कुत्राही करतो."

बायको हसली. त्याने तिच्याकडे रागाने पाहिलं. "हसू नको तर काय करू?" ती म्हणाली. "दोघांनाही आपापलं कौतुक हवंय. दुसऱ्याचं करायची वेळ आली की दोघंही मुके."

तो डबा उचलून निघाला. दाराशी थांबला. परत आला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"काय?"

"तुम्हाला ऐकू येतं. आत्ताच म्हणालात."

"ऐकू आलं. पण काय चुकलं ते सांगा."

त्याने सांगितलं. अडखळत, डबा या हातातून त्या हातात घेत. तीन दात तुमचे होते. विचारायला हवं होतं. सासूबाई ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा जराही निवळला नाही.

"ही आता सैल झालीये," तो शेवटी म्हणाला. "नवी करावी लागेल. माप घेऊ का? तुम्ही हो म्हणालात तरच."

"विचार करून सांगते."

याला तीन आठवडे झाले. सासूबाई टकटक वाजणाऱ्या कवळीने बोलतात, मऊ भात खातात आणि अजून विचार करताहेत. तो रोज सकाळी सातला स्टुलावर बसतो. मशीन आणत नाही. आधी कालच्या डब्याबद्दल काहीतरी बोलतो.

"वाटाणे छान होते."

"वाटाणे परवा होते."

"हो. परवाचे. अजून आठवतात." मग तो विचारतो, "माप घेऊ का, आई?"

"घाई काय आहे?" त्या म्हणतात, आणि त्याच्या डब्याचं झाकण दाबून बसवतात.