अडतिसावं कार्ड

सुलक्षणा,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. आणि वाचताना मध्येच उठू नकोस. अर्धा चहा टाकून गॅलरीत, गॅलरीतून दारात, दारातून परत ओट्याशी, ही तुझी येरझार मुलुंडच्या या सोसायटीत अकरा वर्षं शेजारून पाहतेय मी. भांडुपच्या औषध कारखान्यात बावीस वर्षं बाटल्यांना लेबलं लावलीस. कारखाना बंद पडला, तुझे हात काही थांबेनात. मग पोरांना वर्गात वाटायला नावाची कार्डं करू लागलीस. वर नाव, मध्ये चित्र, खाली ‘मला अमुक आवडतं’. डोळे जातील म्हटलं. ऐकतेस थोडीच!

तिसऱ्या मजल्यावर रुचिरा राहायला आली. तिची शर्मिष्ठा अर्धं वर्ष उलटल्यावर दुसरीच्या वर्गात गेली. पंधरा दिवसांनी पोर लिफ्टमध्ये सांगते, “मला सगळे ‘नवीन’ म्हणतात. ए नवीन, सरक.”

पेटलीस तू. वर्गात बाकीची अडतीस मुलं. दोन दिवसांत अडतीस कार्डं. रुचिराने सांगितलं तशी: नाचणारी मुलगी आणि ‘मला भरतनाट्यम आवडतं’.

आठवड्याने ती सगळी दप्तराच्या तळाशी चुरगळलेली सापडली.

“वाटली का नाहीस गं?” तू विचारलंस.

“मला नाच नाही आवडत. आईला आवडतो.”

“मग तुला काय आवडतं?”

“पाली.”

मी हसले. तू नाही हसलीस. “माझांच चुकलां. कार्ड चेडवाचां आणि इचारलंय आवशीक!” खरंच, पोरीला सोडून तिच्या आईलाच विचारलं होतंस. परत बसलीस. अडतीस पाली, एकीची शेपटी दुसरीसारखी नाही.

रुचिरा आली तणतणत. “काकू, पाली? वर्गात काय म्हणतील हिला?”

“म्हणू देत ना. निदान नाव घेऊन म्हणतील.”

आणि तसंच झालं. सदतीस कार्डं एका मधल्या सुट्टीत संपली. राहिलं सर्वेशचं. तो तिच्या बाकावरचा; पोरीला खरं तर त्यालाच सगळ्यांत आधी द्यायचं होतं. दिवसभर शेजारी तोच बसतो, आणि तोच नेमका कावीळ होऊन भांडुपला घरी. तुला त्याच संध्याकाळी आजारी नणंदेकडे सावंतवाडीला निघायचं होतं. चप्पल घालता घालता कार्ड माझ्या हातात कोंबलंस. “माणिक, गुरुवारी बहिणीकडे भांडुपला जातेसच तू. देऊन ये गो.”

पहिल्या गुरुवारी गुडघा धरला. दुसऱ्या गुरुवारी रिक्षावाला चढावर यायला तयार नव्हता, आणि मीही फारशी हुज्जत घातली नाही. तिसऱ्या गुरुवारी सरळ विसरले. तू फोनवर विचारलंस, “दिलंस ना?” मी म्हटलं, “दिलं.” पोरीलाही तेच सांगितलं. ती रोज लिफ्टमध्ये विचारायची, “आजी, काय म्हणाला तो?” एकदा वैतागून म्हटलं, “खूश झाला.”

काल सर्वेश शाळेत आला. संध्याकाळी शर्मिष्ठा माझ्या दारात, गाल फुगलेले.

“आजी, तो म्हणतो कार्ड आलंच नाही. खोटारडा आहे. मी बाईंना सांगून बाक बदलून घेतलं.”

कार्ड आत, माझ्या पर्समध्ये होतं. आणि मी तिला म्हणाले, “बरं.”

माणिक