बदकांच्या गादीपायी फुटलेलं नाक

गिरणीवाल्या अक्काने सख्ख्या भावाचा करवतीने गळा चिरला, ही बातमी आमच्या गल्लीत सकाळी नऊला आली आणि सव्वानऊपर्यंत मुंडकंसुद्धा धडावेगळं झालं होतं. मुंडकं मीच वेगळं केलं, कबूल करतो. सांगण्याच्या भरात तेवढं वाढलं. खरं इतकंच की गळा शाबूत आहे. फुटलं ते नाक, आणि तेही करवतीने नाही, फळीने.

अक्का माझी शेजारीण. आमच्यामध्ये छातीएवढी भिंत आहे आणि माझं बरंचसं शिक्षण त्या भिंतीवर कोपर टेकूनच झालंय. पिठाच्या गिरणीत तिने बावीस वर्षं काढली. गिरणीने तिला दोन गोष्टी दिल्या: माझ्या खिडकीची तावदानं हलवणारा खोकला आणि धुळीची पारख. काम सुटल्यावर तिने मागच्या अंगणात अकरा बदकं पाळली. माणसांशी बोलताना शब्दागणिक एक टोला. बदकांशी मात्र, "ये गं माझे राणी."

आता बदक म्हणजे पाणी सांडायलाच जन्माला आलेला जीव. खाली पेंढा घाला, दोन दिवसांत ओला, चौथ्या दिवशी बुरशी. कागद घाला, पाय घसरतात. म्हणून अक्का सुतार भावाच्या दुकानातून रंध्याचे जाड, कोरडे छिलके आणायची. पण आणले आणि अंथरले, असं नाही. खुराड्याच्या दारात ऊन पडतं तिथे उभी राहून मूठभर छिलके वर उधळायची आणि मोजायला लागायची. दहाच्या आत हवा स्वच्छ झाली तर पोतं आत, नाहीतर पोतं भावाच्या अंगावर. "माझ्या छातीत जे गेलं ते यांच्या छातीत जाणार नाही," म्हणायची.

पंधरा दिवसांपूर्वी छातीच्याच तपासणीसाठी ती दोन दिवस दवाखान्यात राहिली आणि बदकं भावावर सोपवली. भाऊ मनाने लोणी, डोक्यानेही तेच. त्याला वाटलं, छिलके बिचाऱ्यांच्या पायांना टोचत असणार. त्याने फळ्या घासायच्या यंत्राखालचा भुसा आणला, चाळणीने चाळून पिठासारखा केला आणि वीतभर जाड गादी घातली. मी भिंतीवरून म्हणालोसुद्धा, "वा! आता एकेकीला उशी शिव." स्वारी खूश.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला अक्का परतली. चार बदकं चोच वासून मरून पडली होती. उरलेली सात माना ताणून धापा टाकत होती. अक्काने आधी त्या सातांना उघड्यावर काढलं, तोंडाला ओलं फडकं बांधून सगळा भुसा फावड्याने उपसला. मग एका मेलेल्या बदकाच्या घशात बोट घातलं. बोटाला भुशाचा चिखल लागून आला. ते बोट न पुसताच ती दुकानाकडे निघाली. मागे मी. साक्षीदार नको का?

"आलीस अक्का? गादी बघितलीस?" भावाने हौसेने विचारलं.

अक्काने त्याची मान पकडली आणि तोंड भुशाच्या पोत्यात कोंबलं. "घे श्वास! मोज! दहापर्यंत मोज!"

पोत्यातून "तीन" असं काहीतरी ऐकू आलं. त्याने लाथा झाडल्या, सरसाचा डबा उलटला, खिळे चौफेर उधळले. तो कसाबसा सुटला आणि तिच्या मनगटाला कडकडून चावला. तिने हाताला लागली ती फळी फिरवली. कडाड्! रक्त थेट पांढऱ्या भुशावर. मग हातोडा उचलून तिने ते घासायचं यंत्रच ठेचायला घेतलं. पत्रा वाकला, पट्टा तुटला. त्या घावांनी उडालेल्या धुळीने तिचा खोकला असा उसळला की हातोडा गळून पडला आणि ती भिंतीला धरून खाली बसली.

भावाने एका हाताने नाक धरलं, दुसऱ्याने तांब्या पुढे केला. "टोचू नये म्हणून केलं गं."

ती पाणी प्यायली आणि रिकामा तांब्या त्याच्या गुडघ्यावर हाणला. "विचारायचं होतंस मला!"

सातही बदकं वाचली. दोघी-तिघी आठवडाभर घरघरत होत्या, आता माझ्या झोपेच्या वेळी केकाटतात. काल भाऊ, नाकावर पट्टी, जाड छिलक्यांचं पोतं घेऊन आला. मूठ त्यानेच उधळली, आकडेही त्यानेच मोजले. अक्का शेजारी फळी घेऊन उभी. सातालाच हवा स्वच्छ झाली.

मला राहवलं नाही. भिंतीवरून म्हणालो, "अक्का, चार बदकांसाठी सख्ख्या भावाला तीन टाके? जरा जास्तच झालं."

अक्का फळी न ठेवता वळली. "बदकं चार गेली, टाके तीनच पडले. चौथा उशी शिव म्हणणाऱ्यासाठी ठेवलाय."