दसऱ्याले घासलेली सीडी

वैरागडे बाबू सीडी पुसायच्या आधी तिले शिवी देत. "चाल वं भैताडे, तोंड उघड," असं म्हणत नं मंग आपल्या जुन्या बनियनच्या तुकड्यानं मधातून काठाकडे सरळ पुसत. गोल पुसताना कोणी दिसलं का ओरडत, "गोल काहून फिरवते? दळण दळून राहिली का?" हेडमास्तरले बी ते शिवी देत, पण मनातल्या मनात. नुसते ओठ हलत, आम्हाले समजे.

उमरेड रोडच्या एका शाळेत ते बाबू होते, मी आया. अठरा वर्षं मी तिथं झाडू मारला. त्याच्या आधीची कामं याच्यापेक्षा जड होती. मले सहीपुरतंच लिहिता येते. हे माझी नात लिहून राहिली, मी सांगून राहिली.

शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरले उधई लागली तेव्हा बाबूनं पानापानाचे फोटो काढले, सगळे कम्प्युटरातल्या एका पेटीत घातले, पेटीले पासवर्डचं कुलूप लावलं नं ते सीडीवर भरलं. म्हणत, "याच्यात लेकरांच्या जाती आहेत, जन्मतारखा आहेत. कोणी बी उघडून पाहाले हे काय बाजाराचं भजं आहे?" सीड्या दोन केल्या. एक हेडमास्तरच्या आलमारीत, एक लॅबच्या. रजिस्टर मंग उधईनं पुरं खाल्लं. बाबू रिटायर झाले, दोन वर्षांनी मी बी घरी बसली.

मंग नातीचा नंबर नर्सिंगले लागला. जातीच्या कागदाच्या पडताळणीले तिच्या बापाची शाळेतली नोंद पाहिजे होती. तिचा बाप, माझा प्रकाश, त्याच शाळेत चौथीपर्यंत होता. तो ट्रकखाली गेला तेव्हा ही चार वर्षांची. पंधरा दिवसांत नोंद नाही देली तं सीट गेली.

शाळेत सीडी लावली तं कम्प्युटर म्हणे पासवर्ड चूक. दुसरी लावली, ती बी तेच म्हणे. नव्या हेडमास्तरनं दोन्ही माझ्या हातात कोंबल्या. "बुढा चुकीचा पासवर्ड लिहून गेला. जा, त्याच्याच डोक्यावर मार."

बाबू घरी लुंगीवर बसून होते. दम्यानं छाती वाजून राहिली होती, पण तोंड शाबूत.

"पासवर्ड चूक? अवं, मी बायकोचं नाव विसरीन, पासवर्ड नाही विसरणार."

आतून त्यांची बायको म्हणे, "नाव तं तीस वर्षांत घेतलं नाही. विसरणार काय, कपाळ!"

बाबूनं मले समजावलं. कुलूप लावलेल्या पेटीची खोड अशी, का आतला एक दाणा जरी वाचल्या नाही गेला, तं पूर्ण पेटीच उघडत नाही. नं कम्प्युटर आपला चावीलेच, म्हणजे पासवर्डलेच, नाव ठेवते. मंग त्यांनी पहिली सीडी खिडकीच्या उजेडात धरली. चमकत्या बाजूवर गोल गोल चरे.

"कोण्या भैताडानं घासली ही? तारेची घासणी मारली लेकाच्यानं!"

दसऱ्याले आम्ही शाळेत घंटी, झाडू, कम्प्युटर, सगळ्याची पूजा करत असू. बाबू रिटायर झाले त्या वर्षी मले वाटलं, एवढी मोलाची वस्तू आलमारीत बिनपूजेची काहून राहावी? चमकते ते तिचं तोंड समजून मी पहिलीले पाची बोटांनी ओलं हळदीकुंकू लावलं. दुसरीपर्यंत कुंकू संपत आलं, तिले एकच टिकली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर बोंबलन म्हणून पहिली राखेनं घासली, दुसरी पदरानं पुसली.

"बाबू, मीच घासली," मी म्हटलं. नं सगळं सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मले वाटलं आता हाकलतात.

"नारळ नाही फोडला वं तिच्यावर? मेहरबानी तुही."

तीन दिवस मी रोज दुपारी जाऊन बसली. बाबूकडे सीडी वाचायचे चार जुने डबे होते. एकात जे अडे ते दुसऱ्यात वाचल्या जाये. डबा गुरगुरे, बाबू खोकलत, नं दोघंही एकमेकांले शिव्या देऊन राहिले असं वाटे. पहिलीत जागोजागी भोकं निघाली, म्हणजे कोणत्याच डब्याले वाचता न येणाऱ्या जागा. दुसरीत एकच.

"हे पाह्य अंजनाबाई," ते म्हणे, "दुसरीत जेवढं भोक आहे, तेवढा तुकडा पहिलीत चांगला असला तं पोट्टीची सीट वाचली. नसला तं तुह्या देवीले जाऊन विचार, पूजा कोणाची केली."

तिसऱ्या दिवशी तो तुकडा निघाला. बाबूनं तो दुसरीच्या भोकात बसवला नं पासवर्ड टाकायले बसले.

"तिकडं तोंड कर."

"मले वाचता येत नाही, बाबू."

"तरी कर. नियम म्हणजे नियम."

पेटी उघडली. पान सापडलं. बाबूनं बोट ठेवून वाचलं, प्रकाशचं नाव, त्याच्या बापाचं नाव, जात, जन्मतारीख. शेवटच्या रकान्यावर बोट थांबलं.

"इथं काय आहे?"

"काही नाही वं. शाई उडाली." लगेच प्रिंट काढून माझ्या हातात देली. "पळ, नं त्या हेडमास्तरच्या टेबलावर आपट. म्हण, बुढ्याचा पासवर्ड बरोबर होता."

नातीले सीट भेटली. दिवाळीच्या आधी बाबू गेले, दम्यानंच. नात होस्टेलवरून आली होती. त्यांच्या घरून आल्यावर तिनं फाईलीतून त्या पानाची झेरॉक्स काढली नं पूर्ण वाचून दाखवली. शेवटचा रकाना शाळा सोडण्याच्या कारणाचा होता. शाई ठणठणीत होती. लिहिलं होतं, आईसोबत वीटभट्टीवर कामाला जातो.

बाबू असते तं मी जाऊन सांगितलं असतं, का बाबू, लपवायची गरज नव्हती. त्याचा हात धरून भट्टीवर मीच नेलं होतं. दप्तर घरीच ठेव म्हटलं, तं त्यानं ऐकलं नाही. सोबत घेऊनच आला.