पहिला फॅन

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. रूममेटला नाही, अम्मीला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे — कसं सांगावं ते मात्र अजून नीट कळत नाही.

शब्दापासून सुरू करते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. कतारला, दोह्यातल्या अमेरिकन कॉलेजात आले आणि मला नव्या शब्दांची हावच सुटली. मैदानावर बेसबॉल बघताना कळलं, बॅट जोरात फिरवूनही चेंडू हुकला की 'व्हिफ'. तीनदा हुकून बाद झाला की 'फॅन्ड'. फॅन म्हणजे पंखा? बॅटने नुसता वारा घातला म्हणून? कोणाला सुचलं असेल हे पहिल्यांदा?

पालकांच्या दिवशी अब्बा मेसईदहून बसने आले — तिथे प्लँटमध्ये फिटर आहेत ते. कोणीतरी त्यांच्या हातात बॅट दिली. रत्नागिरीत क्रिकेट खेळायचे तशी त्यांनी ती जमिनीला टेकवून धरली. तीन चेंडू, तिन्ही वेळा बॅट हवेत. मागच्या गर्दीतून 'फॅन्ड!' अशी आरोळी आली, मग सगळेच हसत ओरडू लागले.

बसस्टॉपवर त्यांनी विचारलं, "बाय, ती पोरं फॅन फॅन काय ओरडत होती?"

खरं सांगायला काय हरकत होती? गावी कोणाचा चेंडू हुकला की अब्बाच ओरडायचे, वारा नको घालू, खेळ! तीच थट्टा की ही. ते पोट धरून हसले असते. मी म्हणाले, "तुमचे फॅन झालेत, अब्बा."

ते लाजले. टोपी काढून पुन्हा घातली.

पण गोष्ट एवढ्या खोट्याचीच असती तर —

पुढच्या शुक्रवारी ते डबा घेऊन आले. अम्मीच्या हातच्या नारळाच्या वड्या. प्लँटमध्ये सगळ्यांना सांगून झालं होतं. "जो पहिला ओरडला ना, त्याला दे. त्याच्यामुळे बाकीचे ओरडले."

पहिली मीच ओरडले होते.

नवा शब्द वापरायला मिळाला म्हणून? की लोक आपल्यावर हसायच्या आत आपण हसणाऱ्यांत असावं म्हणून? खूप विचार केला. मला वाटतं, दुसरं कारणच खरं.

डबा मी हॉस्टेलवर नेला. दार लावून सगळ्या वड्या मीच खाल्ल्या. नंतर अब्बांनी फोनवर विचारलं, आवडल्या का त्याला?

मी म्हटलं, हो.