पत्ते पिसण्याची पाळी

घरातला मी पहिला बी.ए. त्या शिक्षणानंच घरापासून लांब, मानोऱ्याला मास्तरकी मिळाली. गणपतीतल्या मेंढीकोटाच्या सामन्यांत आमची जोडी शेवटच्या फेरीत पोचली आणि डावामागून डाव हरू लागली. हरणाऱ्यानंच पिसायचं, म्हणून पत्ते माझ्याच हाती. आणखी एक डाव गेला की सामना संपणार होता. मग माझी भाड्याची खोली आणि मी. मी सावकाश पिसत राहिलो.

"मास्तर, पत्ते पिसून राह्यले का कणीक मळून राह्यले?" जोडीदार म्हणाला. "हरलो तं हरलो. भेता कायले?"

सगळे हसले. मीही हसलो. हुकमाची दश्शी शेवटपर्यंत राखली, तरी गेलीच, आणि तिच्याबरोबर सामनाही.

जोडीदारानं चपला घातल्या. "चाला मास्तर, घरी वाट पाहत असतीन."

"हो," मी म्हणालो.