खैरानच्या सहलीतलं श्रीखंड

आमची गाडी जगातल्या दुर्मिळ वाहनांपैकी एक आहे, हे आम्हाला ती घेताना कुणी सांगितलं नव्हतं.

कुवेतमध्ये तेव्हा सगळे जपानी किंवा अमेरिकन गाड्या घ्यायचे. मी मात्र चिनी सेडान घेतली. ती बनवणारी कंपनी पुढे दोनच वर्षांत बुडाली. (आता इंटरनेटवरही त्या गाडीचा फोटो सापडत नाही. मी शोधणं सोडलेलं नाही!) मुलीने गाडीभोवती एक फेरी मारून विचारलं, "बाबा, इज धिस अ रिअल कंपनी?" मी तिला डिकी दाखवली. डिकी खरंच प्रचंड होती.

पाडव्याच्या शुक्रवारी आमच्या मराठी मंडळाची सहल खैरानच्या एका शॅलेवर, म्हणजे समुद्रकाठच्या भाड्याच्या बंगल्यावर, निघाली. श्रीखंड करायचा मान मागून घेतला होता तो मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने. आदल्या वर्षी तिच्या बासुंदीला कुणीतरी 'पातळसर' म्हटलं होतं. यंदा त्या माणसाचं तोंड गोड करून बंद करायचं, असा तिचा निश्चय होता. दोन रात्री घरात चक्क्याची गाठोडी टांगली होती.

"अहो, पातेलं मी मांडीवर घेते," ती निघताना म्हणाली.

"एवढी डिकी काय शोभेला आहे?" मी म्हणालो, आणि पातेलं डिकीत ठेवून डिकीचं झाकण दाणकन लावलं.

खैरानला पोचल्यावर ते झाकण उघडेना. किल्ली नुसती गोल गोल फिरत होती. सीटखालचा खटका ओढला तर तो हातातच आला. मागची सीट पाडून आत शिरावं, तर ती पडणारी नव्हती. गाडीचं माहितीपुस्तक नखशिखांत चिनी भाषेत. शोरूमला फोन लावला. "आज जुम्मा आहे, बुकरा या, इन्शाल्ला," तिथला माणूस म्हणाला. बुकरा म्हणजे उद्या. पुऱ्या तर आत्ता तळून होत होत्या.

मी दगड उचलला. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष जोगळेकर आडवे आले. ते शुऐबाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात सेफ्टी ऑफिसर.

"साठे, दगड खाली ठेवा. परमिट काढलंत?"

"माझ्याच गाडीचं?"

"काम ते काम."

रस्सीखेचीसाठी आणलेला दोर त्यांनी गाडीभोवती बांधला. बायकामुलांना पलीकडे उभं केलं. जमलेले सगळे इंजिनिअर, त्यामुळे कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. आधी सुरक्षेवर छोटं भाषण झालं. मग वाद पेटला. कुलपात ड्रिल घातलं तर ठिणगी उडेल, म्हणजे ते 'हॉट वर्क'. पेचकसाने उचकटलं तर 'कोल्ड वर्क'. दोन्हींचे परवाने वेगळे. (आमच्याजवळ ड्रिल नव्हतं, हे वाद संपल्यावर लक्षात आलं!) शेवटी पेचकसाला मंजुरी मिळाली आणि तो कुलपातच मोडला.

तोवर लोक बटाट्याच्या भाजीशी पुऱ्या खाऊन मोकळे झाले होते. "श्रीखंड असतं तर मजा आली असती," कुणीतरी म्हणालं. मेधाने पानात एक पुरी घेतली आणि ती तशीच ठेवली. मला फार वाईट वाटलं. थोडी भीतीही वाटली.

संध्याकाळी सगळे निघाले. मेधा म्हणाली, "किल्ली द्या. मी चालवते." ती आत बसली आणि दिवसभराचा राग एकवटून तिने दार आपटलं.

डिकी आपोआप उघडली.

पातेलं आडवं झालं होतं. दिवसभर तापलेलं श्रीखंड डिकीभर पसरलं होतं आणि त्याला पाणी सुटलं होतं. मेधाने उतरून ते शांतपणे पाहिलं. "पातळ झालं," ती म्हणाली. "लावा झाकण."

झाकण आता लागेना. दोर अडकवायला हूक नव्हता. उघडं सोडलं तर मागचं काही दिसेना.

"बसा," मेधा म्हणाली.

"कुठे?"

तिने डिकीकडे नुसतं बघितलं.

अशा रीतीने मी श्रीखंडात मांडी घालून, एका हाताने झाकण आणि दुसऱ्याने पातेलं धरून, खैरानहून परत निघालो. मंडळाच्या गाड्या मागोमाग रांगेने येत होत्या. सिग्नलला जोगळेकरांची गाडी शेजारी थांबली. त्यांनी काच खाली केली.

"काय साठे, कशी काय आहे गाडी?"

मी बाहीवरचं श्रीखंड चाटलं आणि म्हणालो, "ॲव्हरेज चांगलं देते."