दाल मिलच्या गोदामातला माठ

ताई गेल्याची बातमी रझियाने दिली तेव्हा मी हदगावच्या बाजारात भाजीची पिशवी धरून उभी होते. रझिया आता आमची नाचाची मंडळी चालवते, आणि फोनवर ती कधी लांबण लावत नाही. "ताई गेल्या. सकाळी चहा पिता पिता," एवढंच म्हणाली. माझ्या तोंडातून भलताच प्रश्न गेला, "मग आजची तालीम?" रझिया म्हणाली, "हाय ना. मयतीहून आल्यावर. बंद ठेवली तर ताई उठून शिव्या घालतील." भर बाजारात मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. वांगी विकणारी बाई माझ्याकडे बघतच राहिली.

याला आता महिना होत आला. मधे कुठेतरी चार ओळी छापून आल्या, त्यात शांताताईंना 'हौशी नृत्यकलावंत' म्हटलं होतं. ते वाचून माझं डोकंच फिरलं, म्हणून लिहायला बसले. ताईंनी आयुष्यात एक गोष्ट हौसेखातर केली असेल तर ती म्हणजे पान खाणं. नाच हा त्यांचा धंदा होता आणि तो शब्द त्या मान वर करून उच्चारायच्या. आमच्या मंडळीत हजेरीपट होता, पगार होता, उशीर झाला तर बोलणी होती. लातुरात आणि तेही बायकांची पगारी नृत्यमंडळी! नांदेडला आमचा खेळ झाला की लोक विचारायचे, मुंबईहून कधी आलात? ताई म्हणायच्या, "मुंबईहून मी एकटीच आले. ह्या समद्या हितल्याच हायत."

ताईंचं घर लोह्याकडचं, छप्पन साली बौद्ध झालेलं, वडील रेल्वेत. मुंबईच्या एका बॅले मंडळीत त्या बरीच वर्षं नाचल्या. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा सगळं सोडून लातुरात आल्या. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर, "जिल्हा झाला म्हनजे निस्त्या कचेऱ्याच आल्या पाह्यजेत का? जिल्ह्याला नाचनारी मानसं नको का?" बंद पडलेल्या दाल मिलचं गोदाम त्यांनी मिळवलं. तुरीची धूळ भिंतींवरून वर्षभर निघत नव्हती, आणि त्या धुळीत आम्ही पाय टाकायला शिकलो.

मी तेव्हा मावशीकडे लातूरला शिकायला होते. मला मंडळीत घ्यायचं म्हणून ताई स्वतः एसटीने हदगावला आमच्या घरी आल्या. उन्हं नुसती भाजून काढत होती, पाऊस त्या साली पार दगा देऊन गेलेला. मायनं पाणी आणलं, पण तांब्या हातात दिला नाही. ओंजळ पुढे करायला सांगून वरून धार धरायला निघाली. ताईंनी हात मागे घेतले. "राहू द्या, तहान न्हाई," म्हणाल्या, आणि कोरड्या घशाने माझ्या वडिलांशी, आबांशी, कामाचं बोलत बसल्या. आबांनी शेवटी तोड काढली, "पहिला खेळ बघायला मी येतो. मनाला न्हाई पटलं तर पोरीला तिथूनच घेऊन जातो." ताई म्हणाल्या, "हाव. पर खेळ पुरा बघायचा, मधून उठायचं न्हाई." मला त्या दिवसापासून झोप नव्हती. मला नाचायचंच होतं, आणि आबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

गोदामाच्या दाराशी एक माठ होता आणि मंडळीचा पहिला नियम त्या माठाचा. प्रत्येकीने घरून तांब्याभर पाणी आणायचं, त्यात ओतायचं, आणि सगळ्यांनी त्यातलंच प्यायचं. रझियाच्या घरचं, माझ्या मावशीकडचं, ताईंच्या वस्तीतलं, सगळं एका ठिकाणी. वेगळी बाटली आणली तर तालीम नाही. त्या साली तांब्याभर पाणी देताना मावशी कुरकुर करायची, पण द्यायची. ताईंचं शिकवणंही पाण्याभोवतीच. त्या आम्हाला हातपंपावर उभं करायच्या आणि म्हणायच्या, बघा, भरली घागर घेतल्यावर कंबर कुठं जाते आणि रिकामी घेतल्यावर कुठं. पहिलं नृत्यनाट्य आम्ही त्याच चालीवर बसवलं. पाण्याला निघालेल्या बायका, बस्स. राजा नाही, राणी नाही. लोक म्हणाले, हे तर आम्ही रोजच बघून राहिलो, याला कोण येणार?

आले ना! नव्या जिल्ह्याच्या कौतुकाच्या कार्यक्रमाला लातूरचं मैदान गच्च भरलं होतं. मातीतच चुना टाकून आमची जागा आखली होती, आणि धूळ बसावी म्हणून कार्यक्रमवाल्यांनी टँकर आणवला. ताई त्या टँकरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बायांच्या घागरी रिकाम्या अन् तुमी मातीला पानी पाजून राहिले? न्या वस्तीत." टँकर वस्तीत गेला, आणि आम्ही कोरड्या मातीवर नाचलो. असा धुरळा उठला की आमचे पाय दिसेनात, नुसत्या कंबरा आणि घागरी तरंगत चाललेल्या. पुढच्या रांगा खोकत होत्या, पण एक माणूस उठला नाही.

खेळ संपल्यावर कनातीमागे आबा आले. डोळे लाल, मिशांवर माती, खोकून खोकून बोलता येईना. आता चल म्हणतील, असंच मला वाटलं. सोबत आणलेला माठ कोपऱ्यात होता. जवळपास दुसरं पाणीच नव्हतं. ताईंनी पेला बुडवून भरला आणि त्यांच्यापुढे धरला. "घ्या पाटील. तुमच्या पोरीनं आनलेलं पानी बी हाय यात. पर त्यातलं तिचं कोन्तं, ते काय मला सांगता यायचं न्हाई." आबा पेल्याकडे बघत राहिले... मग घेतला, गटागटा प्यायले आणि रिकामा पेला परत पुढे केला. "अजून द्या, बाई." मला घेऊन जायचं नावच निघालं नाही.

पुढे कधीतरी मी ताईंना विचारलं, टँकर मुद्दाम वस्तीत पाठवला होता का, धुरळ्यानं आबांना तहान लागावी म्हणून? "एवढी अक्कल असती तर मुंबई सोडली असती का मी!" म्हणाल्या आणि पान लावायला घेतलं. पण हसत होत्या. त्यानंतर हिमायतनगरपासून उदगीरपर्यंत आमचे किती खेळ झाले, मी किती वर्षं पगारावर नाचले, रझियाच्या हाताखाली किती पोरी तयार झाल्या, ते सगळं सांगत बसले तर ही जागा पुरायची नाही. मला त्या सगळ्याचा गर्व आहे, आणि तो मी लपवणार नाही.

त्या दिवशी मयतीहून आम्ही सगळ्या गोदामात गेलो. खिळ्याला सुतळीने टांगलेला ताईंचा तांब्या होता. रझियाने तो नळाखाली भरला आणि माठात पहिलं पाणी त्याचं ओतलं, मग आमचं. पोरी घुंगरं बांधत असताना बाहेरगावचा एक माणूस आपल्या मुलीला सोडायला आला. रुमालाने मान पुसत दाराशी थांबला, पाणी कुणाचं म्हणून विचारलंही नाही. पेला माठात बुडवला, प्यायला, पालथा घातला आणि मुलीला "जाऊ का?" म्हणून निघून गेला. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी एकटीच बघत होते... मग रझियाने ठेका धरला.